सोळावी खिडकी

वॉरंटीतल्या निम्म्या तक्रारी मॅन्युअल न वाचल्यामुळे येतात. फ्यूज उडालेला असतो, बटणावर कोणीतरी चहाचा पेला टेकवलेला असतो, नाहीतर झाडू मारणाऱ्याने मागची वायर ओढलेली असते. सव्वीस वर्षं हेच ऐकत आलोय, म्हणून असेल, फोनवर माझा आवाज जरा खवट लागतो. बायको म्हणते, तुम्ही नुसतं 'हॅलो' म्हणालात तरी समोरच्याला वाटतं चूक आपलीच आहे.

तो फोन मंगळवारी सकाळी आला.

"सर, सोळा नंबरची खिडकी आपोआप लागतेय."

"सोळा नंबर आम्ही रिकामी ठेवतो," मी म्हणालो. "तिला वायरच जोडत नाही."

"तेच तर सांगतोय सर. वायर नाही, तरी लागते."

"कोणीतरी दिवे तपासायचं बटण दाबत असेल."

"मग सगळ्या सोळा लागल्या असत्या ना?"

त्याचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला राग आला. कुठून बोलताय विचारलं. त्याने कारखान्याचं नाव सांगितलं, आणि ते मी दुसऱ्यांदा विचारलं. उद्या येतो म्हणालो आणि फोन ठेवला.

आधी आम्ही बसवतो ते धोक्याच्या दिव्यांचं पॅनल काय असतं ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. काळ्या पत्र्याची एक चौकट असते. तिच्यात चार ओळींत चार-चार, अशा सोळा छोट्या खिडक्या. दुधी प्लास्टिकच्या, आत दिवा, वर छापलेली पट्टी: 'पंपाचा दाब कमी', 'टाकी भरली', असं. कारखान्यात काही बिघडलं की त्याची खिडकी उघडझाप करते आणि हॉर्न बोंबलतो. समोर बसलेला ऑपरेटर 'पाहिलं' हे बटण दाबतो, हॉर्न थांबतो, आणि मग माणूस धावतो. प्रत्येक खिडकीला किती वेळ थांबून ओरडायचं ते आम्ही बसवताना ठरवून देतो. त्याला विलंब म्हणतात. क्षणभराच्या वाफेने, धक्क्याने उगाच बोंब होऊ नये म्हणून दोन-तीन सेकंद ठेवायची पद्धत आहे. जास्तीत जास्त नव्व्याण्णव ठेवता येतात. एवढा कोणी ठेवत नाही.

मी ठेवला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

चौदा महिन्यांपूर्वी ते पॅनल मीच बसवलं. त्यातली चार नंबरची खिडकी 'खड्ड्यात विषारी वायू' अशी होती. इमारतीच्या मागे बारा फूट खोल काँक्रीटचा खड्डा होता. सगळ्या कारखान्याचं धुण्याचं पाणी तिथे जमायचं आणि तळाशी पंप. त्या दिवशी खड्ड्याजवळ गरम पाण्याने धुलाई चालली होती. वाफेचा झोत आला की वायूचा सेन्सर बिथरायचा आणि हॉर्न सुरू. मला अजून चौदा खिडक्या तपासायच्या होत्या. डोकं उठलं नुसतं. मी चार नंबरचा विलंब जेवढा वाढतो तेवढा वाढवला. संध्याकाळी धुलाई थांबली की परत तीन करू म्हटलं.

असं तात्पुरतं काही केलं की आमच्यात एक लाल स्टिकर लावतात. त्यावर आकडा लिहायचा, त्याच खिडकीवर डकवायचा, आणि तो निघाल्याशिवाय गिऱ्हाइकाची सही घ्यायची नाही. मी स्टिकर लिहिला: '४ – ९९ – तात्पुरतं'. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली. एका हातात पेचकस, दुसऱ्यात वायर, म्हणून तो बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवला. मग पाच चाळीसची बस डोळ्यासमोर नाचायला लागली. सही घेतली आणि निघालो.

दोन दिवसांनी बॅग उघडली तेव्हा स्टिकर दिसला. विसरलो असतो तर निदान विसरलो असं म्हणता आलं असतं. मी तो नीट वाचला. फोन करावा असं मनात आलं. मग म्हटलं, पुढच्या फेरीला करू, आपल्याच हाताने आपली शोभा कशाला करून घ्यायची. झाकण लावून टाकलं.

नऊ महिन्यांनी त्या खड्ड्यात फिटर गेला.

त्याला तिथे सगळे ठोक्या म्हणायचे. खड्ड्यात उतरण्याआधी तो पाण्याच्या जुन्या पाइपवर पान्याने दोन ठोके मारायचा. वर आला की परत दोन. तो पाइप भिंतीतून थेट पॅनलच्या खोलीत यायचा, त्यामुळे आत बसलेल्या ऑपरेटरला कळायचं की गडी खाली गेला, गडी वर आला. लोक चेष्टा करायचे, बायकोलाही घरी शिरताना ठोके मारून सांगतोस का रे म्हणून. तो हसायचा आणि ठोके मारायचा. त्या दुपारी त्याने खाली जाताना दोन मारले. पंपाचं झाकण सोडलं आणि वायू सुटला. सेन्सरला लगेच कळलं. माझ्या पॅनलने नव्व्याण्णव सेकंद तोंड उघडलं नाही.

पॅनलवर मास्तर होते. नाव वेगळं, पण अक्षर मोत्यासारखं, रोजची नोंदवही अशी लिहायचे की साहेब लोक पाहुण्यांना दाखवायचे, म्हणून मास्तर. हॉर्न वाजला तसं त्यांनी बटण दाबलं, धावले, दोघांना घेऊन दोर टाकला. ठोक्या वर आला तेव्हा संपला होता. डॉक्टर म्हणाले, दीड मिनिट आधी काढला असता तर.

आमच्या त्या मॉडेलमध्ये बटण कधी दाबलं एवढीच वेळ राहते, हॉर्न कधी सुरू झाला ती राहत नाही. वायूच्या मीटरच्या कागदावर दोन वाजून आठ मिनिटं एकतीस सेकंद होती. बटणाची वेळ दोन दहा चौदा. मधली सगळी सेकंदं मास्तरांच्या डोक्यावर बसली. झोपले होते, असं ठरलं. ते एकच सांगत राहिले: "ऐकलं तसा उठलो."

दुसऱ्या दिवशी सेटिंग तपासायला आमच्या कंपनीने मलाच पाठवलं. चार नंबर उघडला. नव्व्याण्णव. खोलीत कोणी नव्हतं. तीन करायला मला वीस सेकंदही लागली नाहीत. 'सेटिंग नोंदीप्रमाणे आहे' असं लिहून सही केली आणि मान खाली घालून फाटकाबाहेर पडलो. हे पाच महिन्यांपूर्वीचं.

बुधवारी मी त्याच खोलीत उभा होतो. काहीही बदललेलं नव्हतं. तीच हिरवट भिंत, तेच टेबल, टेबलाखालून जाणारा तोच पाइप. नवा ऑपरेटर तिशीतला, गोलमटोल, बोलका. त्याने पाइपवर आपला टॉवेल वाळत टाकला होता.

"मास्तरांच्या जागी आलोय मी," तो म्हणाला. "त्यांचं माहीत असेल ना तुम्हाला?"

"ऐकलंय."

"झोपले बिचारे. वय झालं की होतं." त्याने माझ्यासमोर चहा ठेवला. "ही तुमची खिडकी बघा, गंमत आहे. रोज दोन दहाला लागते. हॉर्न नाही, काही नाही. बटण दाबलं तरी जात नाही. सव्वादोनच्या सुमारास आपली आपण विझते."

मी मागचं झाकण उघडलं. सोळा नंबरचे दोन्ही स्क्रू कोरे होते, पेचकसाचा ओरखडासुद्धा नव्हता. सेटिंग बघितलं. रिकाम्या खिडक्या आम्ही बंद करून ठेवतो, विलंब शून्य. इथे 'चालू' होतं आणि विलंब नव्व्याण्णव.

"कोणी हात लावला याला?"

"पासवर्ड तुमच्याकडे असतो ना सर."

मी पेचकस उचलला. आतलं सर्किटचं अख्खं कार्ड बदललं. नवीन कार्डावर सोळा नंबर बंद केला, शून्य केला, दोनदा तपासला. दोन वाजून दहा मिनिटं दहा सेकंदांनी खिडकी लागली. बाकीच्या लाल लागतात, उघडझाप करतात. ही फिकट, मळकट पांढरी, आणि स्थिर. पट्टी कोरी असल्यामुळे नुसता उजेडाचा चौकोन दिसत होता. मी सेटिंग परत उघडलं. नव्व्याण्णव. बंद करून पुन्हा उघडलं. नव्व्याण्णवच.

"काय झालं सर?"

"कार्डांचा हा सगळा लॉटच खराब आलाय," मी म्हणालो. खोटं बोलायला मला हल्ली विचार करावा लागत नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. कुठल्याही शिकाऊ माणसाला कळेल अशी गोष्ट मला छळत होती. विलंब नव्व्याण्णव आहे आणि खिडकी दोन दहा दहाला लागते, तर तिचं कारण नव्व्याण्णव सेकंद आधी घडलेलं असणार. उलटं मोजलं. दोन वाजून आठ मिनिटं एकतीस सेकंद. ती वेळ मला पाठ होती.

गुरुवारी सीलबंद खोक्यातून नवं कोरं पॅनल नेलं. जुनं उतरवलं, नवं चढवलं, पंधरा खिडक्या एक-एक करून तपासल्या. इतक्या मन लावून चौदा महिन्यांपूर्वी तपासल्या असत्या तर. सोळावी बंद ठेवली. पावणेदोनला काम संपलं आणि मी मोबाइलवर घड्याळ लावून टेबलाशी बसलो. नवा ऑपरेटर डबा खात होता आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होता. मी त्याला सांगितलं, पाच मिनिटं काहीही बोलू नकोस. तो चमचा हातात धरून गप्प झाला.

दोन वाजून आठ मिनिटं, तीस सेकंद. पंपांची घरघर, पंख्याची कुरकुर. एकतीस.

टण्, टण्.

माझ्या पायाजवळून. पाइपवरचा टॉवेल किंचित हलला.

"हे काय वाजलं?"

"पाइप हो. पाण्याचा दणका बसतो," तो म्हणाला. "रोज वाजतो. मी आलो तेव्हापासून."

"रोज? किती वेळा?"

त्याने विचार केला. "दोनदाच. परत नाही वाजत."

मी मोजत बसलो. तोंडातल्या तोंडात, ओठ हलवत. नव्व्याण्णवला खिडकी लागली.

मी खोलीतून बाहेर पडून इमारतीच्या मागे गेलो. खड्डा आता नव्हता. दगडमाती टाकून, वर काँक्रीट ओतून सपाट केला होता. त्यावर सायकली लावलेल्या होत्या. मी पाइप शोधला. भिंतीतून बाहेर हातभर आला होता आणि तिथेच कापलेला होता. तोंडाला पत्र्याची चकती जोडून बंद केलेला. पाण्याचा कसलाच संबंध नाही, पुढे काहीच नाही. मी हात लावला. लोखंड गार होतं आणि बारीक थरथरत होतं, कोणीतरी आत्ता हात काढून घेतल्यासारखं.

आवाजाची वाट बघत मी तिथे पंचवीस मिनिटं उभा राहिलो. वर आल्याचे दोन ठोके. एवढे दोन ठोके वाजले असते तर मी तिथेच रडलो असतो. वाजले नाहीत.

फाटकाशी मास्तर भेटले.

इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल. पाच महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. मला बघून त्यांचा चेहरा खुलला आणि मला जमिनीत जावंसं वाटलं.

"इंजिनिअर साहेब! बरं झालं भेटलात. उद्या तीनला माझ्या चौकशीची शेवटची सुनावणी आहे. मीच अर्ज केलाय, की ज्यांनी पॅनल बसवलं त्यांच्याकडून एक ओळ घ्या. विलंब पहिल्या दिवसापासून किती होता ते. तुम्ही लिहाल ते मला मान्य आहे, असं लिहून दिलंय मी."

"माझ्या लिहिण्यावर कशाला ठेवलंत मास्तर?"

"मग कोणावर ठेवू?" ते हसले. मग जवळ आले, आवाज खाली गेला. "नोकरीचं सोडा. दोन वर्षंच राहिलीत, नाव जाईल ते जाईल. पण घरात बायको विचारते, मुलगी विचारते, खरं सांगा, डोळा लागला होता का? पाच महिने सगळे एकच म्हणतायत. आता मलाच वाटायला लागलंय, लागला असेल. आपल्याला कळलं नसेल. ठोक्या गेला तो माझ्या झोपेमुळे गेला असेल. तुम्ही एवढं सांगा, साहेब. मी झोपलो होतो का?"

मी म्हणालो, "उद्या लिहितो ना."

"हो, हो. घाई नाही," ते म्हणाले आणि माझ्यासाठी त्यांनी फाटक उघडून धरलं.

घरी जाऊन मी दोन कागद लिहिले. एका कागदावर खरं होतं, दुसऱ्यावर तीन सेकंद. खरं लिहिलं तर नोकरी जाणार होती, कोर्ट होतं, आई एक्याऐंशीची, तिची औषधं, बायकोचं तोंड. या सगळ्याच्या विरुद्ध बाजूला एका माणसाची झोप होती, जी त्याने घेतलेलीच नव्हती. मला कळत होतं काय करायला हवं. सकाळी दोन्ही कागद खिशात घातले आणि गेलो.

शुक्रवारी कारखान्याचे मॅनेजर साहेब स्वतः पॅनलच्या खोलीत आले. हातात टाइप केलेलं पत्र.

"तुमचा वेळ वाचावा म्हणून आम्हीच तयार केलंय. वाचा आणि सही करा. पॅनल तर झालं ना ठीक?"

"आज बघू," मी म्हणालो. दोन वाजून सात मिनिटं झाली होती.

पत्रात एकच वाक्य होतं. चार क्रमांकाच्या खिडकीचा विलंब बसवल्या दिवसापासून तीन सेकंद होता.

"काही अडचण?" साहेबांनी विचारलं.

माझा हात खिशाकडे गेला. खऱ्या कागदाची घडी बोटांना लागली. खोलीत तिघेच होतो. साहेब घड्याळ बघत होते. नवा ऑपरेटर खिडकीकडे बघत होता. आत्ता काढ, मी स्वतःला म्हणालो. आत्ता.

"अडचण नाही," मी म्हणालो.

सही केली.

पेनाचं टोपण लावत होतो.

टण्, टण्.

साहेबांनी मान वर केली नाही. पत्र घडी करून ते निघून गेले. मी मोजायला लागलो.

पन्नास.

माझी नजर त्या कोऱ्या चौकोनावर होती.

नव्वद.

अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव.

शंभर.

काही झालं नाही. खिडकी काळीच राहिली. दोन अकरा झाले, दोन पंधरा झाले. मी सेटिंग उघडलं. सोळा नंबर: बंद. विलंब: शून्य.

नवा ऑपरेटर उठला, खूश होऊन त्याने जोरात टाळी वाजवली. त्याचे दोन्ही तळवे एकमेकांवर आपटलेले मी पाहिले. आवाज आला नाही. मला वाटलं, तीन दिवस हॉर्न तपासून कानाला दडे बसलेत. सर्व्हिस रिपोर्ट तसाच खिशात कोंबला, बॅग उचलली, त्याला हात केला, लांबलचक आवार ओलांडून फाटकापाशी आलो. आसपास चिटपाखरू नव्हतं. तिथे, माझ्या कानाजवळ, कोणीतरी जोरात एक टाळी वाजवली.

पुढचं नंतर कानावर आलं. मास्तरांनी पत्र वाचलं, वाद घातला नाही. खाली आपल्या सुंदर अक्षरात 'मला मान्य आहे, मी झोपलो असेन' असं लिहिलं. ती खिडकी परत कधी लागली नाही, आणि पाइपही वाजत नाही म्हणे. कंपनीने मला शाबासकीचं पत्र दिलं. ते कुठे ठेवावं मला कळेना. बॅगेत ठेवलं.

खरा कागद मी फाडला नाही. पाकिटात घालून, मास्तरांचा पत्ता लिहून, तिकीट लावून बॅगेच्या झाकणात ठेवला, त्या लाल स्टिकरशेजारी. स्टिकर निघत नाही, मी नखाने बघितलं. पाकीट रोज उद्या टाकायचं असतं.

कानाचं मात्र सुरू झालं. रोज नाही होत, आठवड्यातून एखाद-दोनदा. बायको काहीतरी बोलते, मी तिच्याकडे बघत असतो, ओठ हलतात आणि नुसती शांतता. ती वैतागून निघून जाते. मग मी एकटा असताना तिचा आवाज येतो, "मीठ संपलंय, येताना आणाल का?" मी होकार देतो तेव्हा समोर कोणी नसतं. एकदा घड्याळ लावून बघितलं. तोच आकडा. परत नाही लावलं. कानाच्या डॉक्टरांनी दोन वेळा तपासलं. म्हणाले, तुमच्या वयाच्या मानाने कान उत्तम आहेत.

गेल्या रविवारी सकाळी अकराला बायको बाजारात गेली होती. आई न्हाणीघरात होती. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर पेपर वाचत होतो, न्हाणीघराच्या दारापासून आठ पावलांवर. सगळं शांत होतं. दोन पानं वाचून झाली.

"अरे, पडले रे मी!"

ऐकलं तसा उठलो. पहिलं पाऊल टाकलं आणि पाय पाण्यात पडला. बादली भरून, वाहून, पाणी दाराबाहेर येऊन माझ्या खुर्चीच्या पायांशी पोचलं होतं. पेपरचं एक पान खाली भिजत पडलं होतं. आई दारात आडवी होती, दार ढकलून अर्धी बाहेर आलेली, तोंड माझ्याकडे. ओठ पांढरे पडले होते.

"किती हाका मारल्या रे," ती म्हणाली. "घसा सुकला माझा. तुझे पाय दिसत होते मला. बसला होतास नुसता."

"नाही आई. ऐकलं तसा उठलो."

माझंच वाक्य माझ्या कानावर पडलं आणि मी तिथेच पाण्यात बसलो. आईने माझ्याकडे बघितलं. आयुष्यात तिने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मग तिने तोंड फिरवलं.

खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणाले, मोडलेल्या हाडावर सरपटत आल्या का? या वयात उठतील असं सांगता येत नाही. बायको धावत आली तेव्हा मी वॉर्डाबाहेर लांब बाकावर बसलो होतो, पायात अजून ओले मोजे. आत जाऊन ती आईशी बोलली. बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. चिडलेली नव्हती. माझ्या खांद्यावर तिने हात ठेवला, वाकली, आणि तिचे ओठ हलले.

मी बघत राहिलो.

तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग हात काढून घेतला आणि परत आत गेली. दार तिच्यामागे लागलं.

बाकावर मी एकटा होतो. समोर भिंतीवर घड्याळ होतं. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघत होतो. उजव्या खांद्यावर, तिने हात ठेवला होता तिथे, अजून ऊब होती. मग अगदी कानाशी, हळू, समजुतीच्या सुरात तिचा आवाज आला.

"खरं सांगा, डोळा लागला होता का तुमचा?"